निधी आला म्हणजे नेमकं काय आलं?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांना घाई आहे त्यांनी सेव्ह करून ठेवा, रात्री जेवण झाल्यावर वाचा. विषय कोरडा वाटेल, पण तो आपल्या खिशाचा आहे.

आपल्या तालुक्यात कुठल्याही चौकात उभं राहा. मुखेड असो, मुक्रमाबाद असो, बाऱ्हाळी असो की जांब. मान वर केली की बॅनर दिसतो. 'अमुक कोटींचा निधी खेचून आणल्याबद्दल जाहीर आभार.' खाली पन्नास फोटो. पक्ष कुठलाही असू द्या, मजकूर तोच. आम्ही पत्रकारही तीच प्रेसनोट घेतो, मथळ्यात आकडा टाकतो आणि बातमी लावतो. पुढं दोन वर्षांनी तोच रस्ता, तेच खड्डे, आणि त्याच रस्त्यासाठी नवा निधी, नवा बॅनर.

मग पहिला निधी गेला कुठं? लगेच आपण म्हणतो, खाल्ला! कधी कधी खाल्लेलाही असतो, त्यात वाद नाही. पण बऱ्याच वेळा खरी गोष्ट वेगळी असते. तो निधी आलेलाच नसतो.

सरकारी पैशाला चार पायऱ्या असतात. पहिली मंजुरी, दुसरी तरतूद, तिसरी वितरण आणि चौथी खर्च. बॅनर लागतो पहिल्या पायरीवर. कामगाराची मजुरी निघते चौथ्या पायरीवर. या दोन्हींच्या मधे कधी सहा महिने जातात, कधी सहा वर्षं.

समजा, गावाच्या रस्त्याला दोन कोटींची प्रशासकीय मान्यता मिळाली. ही झाली मंजुरी. म्हणजे 'हे काम करायला हरकत नाही' एवढंच सरकारनं म्हटलं. त्या वर्षीच्या बजेटमध्ये त्या कामाला ठेवले वीस लाख. ही तरतूद. कधी कधी तर नुसती लाक्षणिक तरतूद असते. म्हणजे यादीत नाव राहावं म्हणून हजार रुपये! त्या वीस लाखांतले बीडीएसवर निघाले बारा लाख. हे वितरण. आता ठेकेदार बिल टाकणार, कोषागारातून ते पास होणार, तेव्हा कुठं खर्च. दोन कोटींचा बॅनर आणि बारा लाखांचं बिल. उरलेलं पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी. आकडे मी समजायला घेतलेत, पण ज्यानं सरकारी काम केलंय त्याला विचारा, गोष्ट अशीच घडते की नाही ते.

आता मुद्द्यावर येतो. या चार पायऱ्यांवर एक माणूस बसलेला असतो, ज्याचा फोटो कुठल्याच बॅनरवर नसतो. इंग्रजीत त्याला बजेट ॲनालिस्ट म्हणतात. आपल्याकडं दारावर अशी पाटी नसते. मंत्रालयात तो वित्त विभागातला कक्ष अधिकारी असतो, जिल्हा परिषदेत मुख्य लेखा व वित्त अधिकारी म्हणजे आपला 'कॅफो', जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजन अधिकारी, कोषागारात कोषागार अधिकारी, आणि सगळ्यांच्या खाली मान घालून बसलेला लेखा विभागाचा क्लार्क. काम एकच. कोण किती मागतंय, का मागतंय, मागच्या वर्षी दिलेल्याचं काय केलं, आणि एवढे पैसे आहेत का, हे तपासून फाईलवर लिहायचं.

त्याचं वर्ष आपल्या शेतकऱ्याच्या वर्षासारखंच ठरलेलं असतं. पावसाळा सरता सरता पुढच्या वर्षीच्या बजेटची परिपत्रकं निघतात. विभाग आपापले अंदाज पाठवतात आणि सगळे फुगवून पाठवतात, कारण वर कात्री लागणार हे माहीत असतं. वरचाही कात्री लावतो, कारण खालच्यानं फुगवलंय हे त्यालाही माहीत असतं! चालू वर्षाचे आठमाही सुधारित अंदाज येतात. डिसेंबरात नागपूरला पुरवणी मागण्या. मार्चात बजेट. आणि मार्चएंडला जे होतं ते तुम्ही तालुक्याच्या उपकोषागारात जाऊन बघा. रात्री उशिरापर्यंत दिवे, बिलांचे गठ्ठे, सर्व्हर डाऊन. वर्षभर न निघालेला पैसा शेवटच्या आठवड्यात निघतो, आणि घाईत निघालेल्या पैशाचं काम कसं होतं ते आपल्या रस्त्यांवर दिसतंच. कॅगच्या अहवालात हा मार्चचा धुरळा, वैयक्तिक ठेव खात्यात पडून राहिलेला पैसा आणि न आलेली उपयोगिता प्रमाणपत्रं हे विषय पुन्हा पुन्हा येतात. कॅगला दिसतं ते पैसे गेल्यावर. या टेबलावरच्या माणसाला दिसतं ते पैसे जाण्याआधी. म्हणून त्याचं टेबल महत्त्वाचं.

बजेटचे आकडे वाचणं हे काही साहेबी काम नाही, आपल्या मराठी माणसाचं जुनं काम आहे. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बजेटवर बोलायला उभे राहिले. सरकार सांगत होतं की तिजोरीत शिल्लक आहे, म्हणजे देश सुखी आहे. दोनच वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडून गेला होता. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेतले आणि दाखवलं की ही शिल्लक सुखाची नाही, जादा कराची आहे. माणसं उपाशी असताना तिजोरी भरते, याचा अर्थ कर जास्त आहेत. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणाला अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. पुढं १९०५ ला दीड आणि १९०७ ला एक रुपया. एका भाषणानं हे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण आकडे समोर ठेवल्यावर सरकारला उत्तर द्यावं लागलं हे खरं.

त्या भाषणामागं कोण होतं माहीत आहे? गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक सरकारी शाळेचे हेडमास्तर. न्यायमूर्ती रानड्यांच्या काळापासून हा माणूस सरकारी अहवाल चाळून आकडे काढायचा, सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहायचा. गोखल्यांना बजेट वाचायला शिकवण्यात त्यांचा मोठा हात. गोखल्यांचे पुतळे आहेत, संस्था आहेत. जोशी हेडमास्तर किती जणांना माहीत आहेत?

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं. शंकरराव चव्हाण १९८६ ला दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि राज्यात शून्याधारित अर्थसंकल्प आणला. लोक त्याला 'झिरो बजेट' म्हणायचे. कल्पना साधी होती. मागच्या वर्षी शंभर दिले म्हणून या वर्षी एकशे दहा, हे बंद. प्रत्येक योजनेनं शून्यापासून सुरुवात करायची आणि सिद्ध करायचं की आपण कशाला पाहिजे. ज्या योजनेचं काम संपलंय, फक्त पगार चालू आहेत, ती बंद करायची. शंकररावांना राजकारणात 'हेडमास्तर' म्हणायचे ते उगाच नाही. १९८८ ला ते दिल्लीला गेले, देशाचे अर्थमंत्री झाले, १९८९ चं केंद्राचं बजेट नांदेडच्या या माणसानं मांडलं. इकडं मात्र झिरो बजेट मागं पडलं. कारण उघड आहे. ज्याची योजना बंद होते तो ओरडतो, आणि ज्यांचा पैसा वाचतो त्यांना कळतच नाही, म्हणून ते गप्प राहतात.

तिसरं उदाहरण 'अनुशेष' या शब्दाचं. मराठवाड्यावर अन्याय होतो, हे आपण भाषणात पूर्वीपासूनच म्हणत होतो. पण १९८३ ला अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती बसली, तिनं रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज अशा एकेका क्षेत्रात जिल्ह्यागणिक तूट मोजली, आणि १९८४ ला सांगितलं की राज्याचा अनुशेष तीन हजार कोटींच्या पुढं आहे. तेव्हा कुठं त्या तक्रारीला वजन आलं. पुढं घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मंडळ आपल्याला फार काही देत होतं असं मी म्हणणार नाही, पण मराठवाड्याच्या वाट्याचं काय झालं हे दरवर्षी विचारणारं एक टेबल तरी होतं. ते टेबल गेलं तेव्हा आपल्याकडं किती मोर्चे निघाले? आठवून बघा.

आता अलीकडचं बघू. १० मार्च २०२५ ला राज्याचं २०२५-२६ चं बजेट आलं. एकूण खर्च सात लाख कोटींचा. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी, राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या वर. लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी. बजेट होऊन चार महिने झाले नाहीत तोवर ३० जूनला ५७ हजार ५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या. त्याच्या आदल्या वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, जुलै २०२४ ला हाच आकडा ९४ हजार ८८९ कोटी होता. पुरवणी मागणी घटनेत आहे, त्यात गैर काही नाही. अचानक पूर आला, दुष्काळ पडला तर लागणारच. पण घरात महिन्याचं बजेट ठरवायचं आणि चार तारखेलाच शेजाऱ्याकडं हात पसरायचा, तर बजेट ठरवलं कशाला?

मे २०२५ मध्ये काय झालं ते आठवा. सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी लाडक्या बहिणीकडं वळवले गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री जाहीरपणे नाराज झाले. मी लाडक्या बहिणीच्या विरोधात नाही. आपल्या तालुक्यात ते दीड हजार रुपये कुणाच्या घरात तेल-मीठ झाले, कुणाच्या लेकराची फी झाली, हे मी बघितलंय. प्रश्न एवढाच आहे की एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाला वाढायचं, तर ते सगळ्यांना सांगून करा. वसतिगृहातल्या पोराला कळू द्या की त्याच्या वाट्याचं कुठं गेलं. आपल्या सीमेपलीकडं तेलंगणात आणि कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींचा निधी त्यांच्यावरच खर्च व्हावा यासाठी कायदा आहे. आपल्याकडं त्याची मागणी वर्षानुवर्षं होतेच आहे.

अशी वळवावळवी होते तेव्हा फाईल कुठल्या तरी टेबलावरून जातेच. तिथला माणूस टिपणी लिहितो. 'सदर तरतूद वळविणे उचित होणार नाही' असं लिहायची मुभा त्याला आहे. लिहिल्यावर काय होतं? वरून शेरा येतो, फाईल पुढं जाते, आणि त्यानं काय लिहिलं होतं ते तुम्हाआम्हाला कळत नाही. जास्त लिहिलं तर बदली.

आता तुमच्यातले बरेच जण म्हणतील, पत्रकार साहेब, कुणाची बाजू घेताय? हे लेखावाले तर फाईल अडवतात. त्रुटी काढतात, दहा चकरा मारायला लावतात आणि पाकीट मिळालं की त्रुटी गायब. बरोबर आहे तुमचं. मीही हे वर्षानुवर्षं बघतोय. पण नीट विचार करा. विकली जाते ती तोंडी 'नाही'. 'बघू', 'साहेब नाहीत', 'हेड चुकलाय', 'पुढच्या आठवड्यात या', हे सगळं तोंडी असतं, म्हणून त्याला भाव असतो. जी 'नाही' कारणासकट, सहीसकट, तारखेसकट लिहिलेली आहे आणि गावासमोर लावलेली आहे, ती विकता येत नाही. तिला उत्तर द्यावं लागतं, नाहीतर ती मान्य करावी लागते. माझी मागणी लेखावाल्याचे अधिकार वाढवा अशी नाही. त्याचं म्हणणं उघड करा, एवढीच आहे.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानं संसदेसाठी एक स्वतंत्र बजेट कार्यालय काढलं. समितीनं मंजूर केलेल्या जवळपास प्रत्येक विधेयकाचा खर्च किती, तूट किती वाढेल, हे ते कार्यालय हिशेब करून जाहीर करतं. सत्ताधारी कुठलाही असो, अडचणीचा आकडा आला की त्याच्यावर चिडतो. पण आकडा सगळ्यांच्या समोर येतो. आपल्या आमदाराला काय मिळतं? बजेटच्या दिवशी पुस्तकांचा गठ्ठा. त्यातलं वाचून सांगायला मुंबईत 'समर्थन'सारखी एखादी संस्था आहे, तिची मदत घेणारे थोडे. अधिवेशनाच्या शेवटी कित्येक विभागांच्या मागण्या चर्चेविना एका फटक्यात मंजूर होतात. त्याला सभागृहात 'गिलोटिन' म्हणतात. नावच बोलकं आहे.

खाली तर आणखी मजा. नांदेड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक बसला. नगरपरिषदांचीही तीच गत झाली. वर्षानुवर्षं बजेट बनवणारा प्रशासन आणि मंजूर करणाराही प्रशासनच. सभागृह नव्हतं, विरोधक नव्हता, प्रश्न नव्हता. परीक्षेचा पेपर ज्यानं लिहिला त्यानंच तपासला!

हे सगळं कुणाच्या जिवावर येतं ते आपल्या तालुक्याला सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०२५ चा तो पाऊस आठवा. हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगोली. रात्रीतून पाणी गावात शिरलं, लष्कराला बोलवावं लागलं, हसनाळमध्ये माणसं गेली. लेंडी प्रकल्पाचं पुनर्वसन पुरं न करता घळभरणी केली, हा गावकऱ्यांचा आरोप. त्याची चौकशी, जबाबदारी हा वेगळा विषय आहे, त्यावर मी वेगळं लिहीन. इथं फक्त बजेटपुरतं बोलतो. ऐंशीच्या दशकात सुरू झालेला हा आंतरराज्य प्रकल्प. त्या वेळी जन्मलेली पोरं आज चाळिशीत आहेत. अशा प्रकल्पांना पैसा दरवर्षी थोडा थोडा मिळतो. काम सरकतं गोगलगायीच्या चालीनं आणि किंमत पळते घोड्याच्या. भिंतीचा पैसा वेगळ्या शीर्षात, भूसंपादनाचा वेगळ्या, पुनर्वसनाचा वेगळ्या. एकाला मिळाला, दुसऱ्याला नाही मिळाला, की भिंत पुढं आणि माणूस मागं. हे बजेटच्या पुस्तकात आधी दिसतं, गावात नंतर. कुणी तरी ते पुस्तक दरवर्षी उघडून विचारायला पाहिजे होतं की बाबांनो, भिंतीला एवढे आणि घरांना एवढेच का?

नंतर ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. आकडा मोठा होता, मथळे मोठे झाले. जाहीर करताना त्यात पीकविम्याचा आणि रोजगार हमीतून करायच्या कामांचाही उल्लेख होता. म्हणजे नवा पैसा किती, आधीच मिळणार होता तो किती, कुठल्या शीर्षातून किती, हे सुटं करून विचारायला पाहिजे होतं. तालुक्याच्या पातळीवर असं विचारणारे किती होतो आपण?

आणि ठेकेदारांचं घ्या. राज्यातल्या कंत्राटदार संघटना २०२५ मध्ये सांगत होत्या की ८० हजार कोटींहून जास्त बिलं थकली आहेत. ठेकेदाराबद्दल आपल्याला सहानुभूती नसते, ठीक आहे. पण बिल थकलं की सगळ्यात आधी मजुराचा हप्ता थकतो, मग टिप्परवाल्याचा, मग सिमेंटवाल्या दुकानदाराचा. तरतूद नसताना मंजुऱ्या वाटल्या की शेवटचा फटका आपल्याच बाजारपेठेला बसतो.

मग आपण करायचं काय? मंत्रालय बदलायची ताकद माझ्या पोस्टमध्ये नाही. पण तालुक्यापुरतं तीन गोष्टी जमतील.

एक. इथून पुढं कुणीही म्हणालं, 'एवढे कोटी आणले', तर चार प्रश्न विचारा. मान्यतेची तारीख काय? या वर्षी तरतूद किती? बीडीएसवर निघाले किती? खर्च किती? आणि सोबत लेखाशीर्ष विचारा. २५१५ का, ३०५४ का, ५०५४ का? गावातल्या कुठल्याही पुढाऱ्याला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात. तुम्हालाही होतील.

दोन. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की प्रत्येक कार्यालयानं आपल्याला मिळालेलं बजेट, प्रस्तावित खर्च आणि वाटप झालेली रक्कम स्वतःहून जाहीर करायची. अर्ज करायचीसुद्धा गरज नाही. आपल्या पंचायत समितीत, नगरपरिषदेत, बांधकाम उपविभागात जा आणि ही माहिती कुठं लावलीय ते विचारा. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा किती पैसा आला आणि कशावर गेला ते ई-ग्रामस्वराजवर मोबाईलमध्ये दिसतं. ग्रामसभेत तो मोबाईल घेऊन उभं राहा.

तीन, आणि हे खास अभ्यासिकेत बसलेल्या पोरापोरींसाठी. मुखेड, नांदेड, लातूर, पुणे, कुठंही असा. तुम्हाला सगळ्यांना तहसीलदार व्हायचंय, डीवायएसपी व्हायचंय. दिवा, गाडी, सलाम. राज्यसेवेच्या पसंतीक्रमात महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा खाली ढकलली जाते, कारण तिथं सलाम कमी आहे. पण शिक्षकाचा पगार वेळेवर का झाला नाही, दवाखान्यात औषध का नाही, पूरग्रस्ताच्या खात्यात पैसे का आले नाहीत, याचं उत्तर त्याच टेबलावर असतं. तिथं आपल्या मातीतलं, कोरडवाहू शेतातलं, पुनर्वसनाच्या पत्र्याखाली वाढलेलं पोरगं बसलं, तर फाईलवरचा आकडा बघून त्याला गाव दिसेल. एवढं सांगतो, तिथं गेल्यावर तोंडी काही ठेवू नका. जे काही 'हो' आणि 'नाही' आहे, ते कारणासकट लिहा.

या महिन्यात मी स्वतः तालुक्यातल्या पाच कार्यालयांत कलम ४ ची माहिती मागायला जाणार आहे. कुणी दाखवली, कुणी टाळली, ते इथंच लिहीन. ज्यांना सोबत यायचंय त्यांनी कॉमेंटमध्ये गावाचं नाव टाका. आणि तुमच्या गावात बॅनर लागलेलं पण सुरू न झालेलं काम असेल, तर फोटो पाठवा. चारही आकडे शोधून काढू.